‘अप्रतिम’ एवढ्यावर पुस्तक काढून देता येत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाचकांनी आपली आवडती कादंबरी कळवावी, असे आवाहन आपल्या रविवार पुरवणीने केले आणि पानभर पत्रे छापली, याचा मनापासून आनंद वाटला. आम्ही सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात काम करतो. असे पान छापून आले की सोमवार-मंगळवारी सभासद कात्रण घेऊन येतात आणि नावावर बोट ठेवून पुस्तक मागतात. म्हणजे या पत्रांमुळे कपाटातली पुस्तके खरोखर हलतात. म्हणूनच ती पत्रे कशी असावीत, याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

बहुतेक पत्रांत कादंबरीचे नाव असते, लेखकाचे नाव असते आणि पुढे ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही’. हे शब्द खोटे नसतात, लिहिणाऱ्याला तसे वाटलेलेच असते. पण ‘स्वामी’लाही तेच, ‘शाळा’लाही तेच आणि ‘फकिरा’लाही तेच म्हटले, तर यातली कोणती आपल्याला मानवेल हे कळायचे कसे? एक माधवराव पेशव्यांवरची, दुसरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची, तिसरी इंग्रजी अमलाशी झुंजणाऱ्या मांग तरुणाची. तिन्हींचा वाचक एकच असेल असे नाही, आणि असला तरी तिन्ही एकाच आठवड्यात मागेल असेही नाही.

सर्वांत आधी सांगावे ते हे, की गोष्ट कोण सांगते. नेमके हेच पत्रांतून गळते. ‘मृत्युंजय’ महाभारतातल्या कर्णावर आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ती नऊ भागांत आहे आणि सहा जण आळीपाळीने बोलतात, त्यातले चारच भाग कर्णाचे, हे कुणी लिहीत नाही. मग नवा वाचक कुंतीच्या भागापाशी येतो, ‘मी’ बदलला हे त्याच्या लक्षात येत नाही, आणि दहा पाने गोंधळात जातात. ‘ययाति’तही ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे बोलतात. एकच घटना दुसऱ्या तोंडून आली की तिचा अर्थ पालटतो, आणि खांडेकरांची ही कादंबरी आवडणाऱ्यांना बहुधा तेच आवडलेले असते. पत्रात मात्र ‘ज्ञानपीठ विजेत्या लेखकाची श्रेष्ठ कलाकृती’ एवढेच येते.

पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ 1962 सालची. ती सगळी पत्रांत आहे, 39 पत्रे, आणि सगळी सावित्रीची. ज्याला ती लिहिते त्याचे एकही उत्तर पुस्तकात नाही. त्याने काय विचारले, कुठल्या शब्दाने ती दुखावली, कुठे त्याने लिहायला उशीर केला, हे तिच्या पुढच्या पत्राच्या पहिल्या दोन-तीन ओळींवरून ताडायचे असते. ही कादंबरी कुणाला सुचवायची तर तेवढी एकच सूचना पुरे: प्रत्येक पत्र संपले की क्षणभर थांबा आणि समोरच्याचे उत्तर मनात लिहा, मगच पान उलटा. सलग एका दमात वाचणाऱ्याला पुस्तक दीड-दोन तासांत संपते आणि ‘यात घडले काय?’ असा प्रश्न उरतो. वाचक कमी पडत नाही, त्याला वाचायची रीत कुणी सांगितलेली नसते.

दुसरी गोष्ट भाषेची. कादंबरी कोणत्या मराठीत आहे, हे मुंबईच्या वाचकाला सांगणे फार गरजेचे आहे. इथे एकाच चाळीत कोकणातले, देशावरचे, खानदेशातले आणि विदर्भातले लोक राहतात, पण शाळेत सगळ्यांनी शिकलेली मराठी एकच. उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 सालची. कौतिक नावाच्या बाईने संसार उभा ठेवण्यासाठी घेतलेले कष्ट, एवढाच तिचा विषय, आणि आमच्या मते मराठीत याहून कसदार कादंबऱ्या फार थोड्या आहेत. निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद वऱ्हाडीत. नवखा वाचक नेमका संवादांपाशी अडतो आणि ते गाळून पुढे जातो. गाळले की कौतिकच गाळली, कारण ती पुरती उभी राहते ती तिच्या बोलण्यातून.

यावर उपाय साधा आहे. पहिली वीस पाने मोठ्याने वाचावीत. वऱ्हाडीत ‘मला’, ‘तुला’ यांचे ‘मले’, ‘तुले’ होते, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, म्हणजे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’. डोळ्यांना हे शब्द अनोळखी दिसतात, कानाला लगेच कळतात. दोन प्रकरणे झाली की मोठ्याने वाचावे लागत नाही. ‘धग’ सुचवणाऱ्या वाचकाने एवढ्या चार ओळी लिहिल्या, तर अर्ध्यावर परत येणाऱ्या प्रती नक्की कमी होतील.

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ या दोन्ही 1971 सालच्या, आणि यांची गोष्ट आणखी वेगळी. इथे नुसते संवादच बोलीत नाहीत, अथपासून इतिपर्यंत सगळे निवेदनच बोलीत आहे. ‘गोतावळा’त मळ्यावरचा गडी नारबा कोल्हापूरकडच्या बोलीत बोलतो. त्याला ना घर, ना बायको. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा, आणि मग मळ्यावर ट्रॅक्टर येतो. ‘पाचोळा’त शिंप्याची बायको मराठवाडी बोलीत आपल्या घराची वाताहत सांगते. ज्याने आयुष्यात एकही ग्रामीण कादंबरी वाचलेली नाही, त्याच्या हाती पहिल्यांदाच या दोन देऊ नयेत. आधी ‘बनगरवाडी’, मग ‘धग’, मग ‘गोतावळा’, अशा क्रमाने गेले तर कान तयार होत जातो. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ त्यानंतर घ्यावी. शिकून गावातच राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची ती कादंबरी आहे, आणि बोलीची सवय झालेल्याला ती जड जात नाही.

भाषेचाच आणखी एक अडथळा जुन्या कादंबऱ्यांत येतो, आणि तो निव्वळ लेखनाचा आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. नावातल्या ‘लक्षांत’वरचा अनुस्वार बघा. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘तें’, ‘केलें’, ‘कां’ असे पानोपानी दिसतात. तरुण वाचक ते नाकात उच्चारून वाचू लागतो आणि पाच पानांत थकतो. त्याला एवढेच सांगावे की हे अनुस्वार डोळ्यांनी बघून सोडून द्यायचे, उच्चारायचे नाहीत. मग गोष्ट सांगणारी नायिका यमू जे सांगते ते आजच्या कुठल्याही मुलीला समजेल इतके सरळ आहे. मुले वळवण्यासाठी नवी, देखणी आवृत्ती शोधण्याआधी ही एक ओळ सांगून बघावी.

कादंबरी कुठे जड जाते, हे सांगायला वाचक कचरतात. आवडत्या पुस्तकाची उणीव कशी काढायची, असे वाटत असावे. आम्हाला उलट वाटते. कोणत्या पानापाशी लोक पुस्तक मिटतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते पुस्तक खरे वाचलेले असते. ‘कोसला’चे घ्या. नेमाड्यांची ही पहिली कादंबरी 1963 ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, पैसे उधळतो, नापास होतो, गावी परततो. यात ‘कथानक’ म्हणावे असे फारसे काही नाही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द इतक्यांदा येतात की वाचणाऱ्याला प्रथम गंमत वाटते, मग कंटाळा येतो, आणि होस्टेलच्या भागातच पुष्कळ जण थांबतात. त्यांना सांगायला हवे की धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपर्यंत जा. तिथे तोच ‘मी’, तीच तुटक बोलण्याची ढब, पण आता दुःख असह्य झालेला माणूस बोलतो आहे, आणि आधीच्या त्या ‘वगैरे’त काय दडवलेले होते ते मागाहून उमगते. हा भाग वाचल्यावर सुरुवात पुन्हा उघडावी. ‘कोसला’ आवडणारे ती दोनदा वाचतात, ते याचसाठी.

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे, जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची. इथे अडचण नात्यांची. एक कोरा कागद अर्धा दुमडून पुस्तकात ठेवावा आणि नवे माणूस आले की वंशवृक्षात नाव टाकावे, कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको. पहिली दीडशे पाने हे केले की पुढे कागदाकडे बघावे लागत नाही. ज्यांनी असे केले नाही त्यांचा दुसरा खंड बहुधा न वाचताच परत येतो. देवघेवीच्या दृष्टीने आणखी एक: दोन्ही खंड एकदम नेऊ नयेत. पहिला संपायलाच मुदत पुरत नाही, आणि दुसरा तोवर दुसऱ्याच्या कामी येत नाही.

शेवट सांगू नये, हे खरे तर वेगळे सांगायला नको. पण विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’बद्दल लिहिताना सर्रास शेवट सांगितला जातो. 1939 सालची ही लहानशी कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू निर्वासित, मायदेशी परतणारा चक्रधर आणि त्याला बोटीवर भेटलेली हेर्टा. मुंबई बंदर जवळ येऊ लागते तसतसे वाचणाऱ्याचे काळीज गोळा होते, कारण चक्रधर इथे उतरणार आणि तिची बोट पूर्वेकडे निघून जाणार. यापुढे लिहू नये. इतके सांगितले तरी वाचक ती घेऊन जातो, आणि दोन बैठकांत संपवतो. युद्धावर इतके थोडके आणि इतके खोल लिहिणारी दुसरी मराठी कादंबरी आम्हाला सुचवता येत नाही.

सिनेमा पाहून कादंबरी मागणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तो उत्तम रस्ता आहे. मात्र पत्र लिहिताना आपल्याला आठवते ते पुस्तकातले की पडद्यावरचे, हे पान काढून ताडून बघावे. 1979 चा ‘सिंहासन’ हा चित्रपट अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून केलेला आहे. एकच पुस्तक नेणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. दोन्ही न्यावीत.

मुंबईच्या वाचकांनी मुंबईच्या कादंबऱ्यांबद्दल इतके कमी लिहिले, याचे मात्र वाईट वाटले. भाऊ पाध्ये यांची ‘वैतागवाडी’ या शहरात डोक्यावर छप्पर मिळवताना माणसाची होणारी दमछाक दाखवते. भाड्याची खोली शोधणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी, आजही. त्यांची ‘वासुनाका’ नाक्यावरच्या पोरांच्या भाषेत आहे आणि ती भाषा धुऊन पुसून घेतलेली नाही. शिव्या खटकत असतील त्याने घेऊ नये, आणि पत्र लिहिणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे कुणी आजोबा नातवंडासाठी ती नेणार नाहीत. जयवंत दळवींची ‘चक्र’ आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ या दोन्ही झोपडवस्तीवरच्या. एकापाठोपाठ एक वाचल्या तर दोन लेखक एकाच प्रकारच्या जगण्याकडे किती निरनिराळ्या नजरेने बघतात ते दिसते. किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये काळ सरळ चालत नाही, मागचे पुढे आणि पुढचे मागे येते. लोकलमध्ये तुकड्या-तुकड्याने वाचायला ती सोयीची नाही, सुट्टीच्या दिवशी सलग बसून वाचावी. लोकलसाठी ‘बनगरवाडी’ किंवा ‘रारंग ढांग’ बरी. दुसरीत हिमालयात उभ्या कड्यात रस्ता खोदणाऱ्यांची गोष्ट आहे, स्थापत्य शिकणाऱ्या मुलांना ती हमखास आवडते.

प्रत कोणती घ्यावी याबद्दलही दोन शब्द. पदपथावर नव्या कोऱ्या दिसणाऱ्या पण चोरून छापलेल्या प्रती मिळतात. त्यांत मूळ पानांची छायाप्रत काढून छपाई केलेली असते, त्यामुळे अनुस्वार, रफार आणि वेलांट्यांची टोके उडतात. प्रमाण भाषेतल्या पुस्तकात वाचक ते सावरून घेतो. बोलीतल्या कादंबरीत मात्र शब्द तसाच आहे की मुद्रणात मोडला, हे त्याला कळायला मार्गच नाही. ‘धग’ आणि ‘गोतावळा’ तर अशा प्रतीत अजिबात वाचू नयेत.

जुनी, रद्दीतून आलेली अस्सल प्रत घ्यायला हरकत नाही, फक्त फॉर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे संच, तपासावेत. डेमी आकाराच्या पुस्तकाचा फॉर्मा साधारणतः 16 पानांचा असतो. बांधणीत एक गळाला तर 96 नंतर थेट 113 येते, दुबार लागला तर 96 नंतर पुन्हा 81. म्हणून 16, 32, 48, 64 अशा पानांपुढचे पान उघडून बघावे, दोन मिनिटांचे काम. मुखपृष्ठामागच्या पानावर ‘संक्षिप्त’ हा शब्द आहे का तेही पाहावे. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीवर पूर्ण कादंबरीचे मत बनवणारे कमी नाहीत.

गृहनिर्माण संस्थेत किंवा कार्यालयात 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त ‘माझी आवडती कादंबरी’ असा कार्यक्रम ठेवतात. तिथे घोटाळा होतो तो वेळेचा. पहिला वक्ता कथानक सांगत वीस मिनिटे घेतो आणि शेवटचे चौघे बोलतच नाहीत. दीड तासात बारा जण बसतात, पण प्रत्येकी पाचच मिनिटे, उरलेली तीस मिनिटे प्रश्नांना. त्या पाचांतली दोन-अडीच मिनिटे कादंबरीतले एक पान वाचून दाखवण्यासाठी ठेवावीत. सुमारे तीनशे शब्दांचे पान तेवढ्या वेळात सावकाश वाचून होते. पान आधी निवडून खूण घालून आणावे आणि घरी एकदा तरी मोठ्याने वाचावे, विशेषतः बोलीतले असेल तर. कथानक चार वाक्यांत आटपावे. लोकांच्या कानात राहते ते वाचलेले पान, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच पुस्तकाची चौकशी करतात. आणखी एक पथ्य पाळावे: एकच कादंबरी दोघांनी आणू नये, नावे आठ दिवस आधी कळवून घ्यावीत. नाहीतर ‘मृत्युंजय’ तीनदा येते आणि विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ एकदाही येत नाही. 1950 सालच्या या कादंबरीत तथाकथित गुन्हेगार जमातींना ठेवत त्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटचे जगणे आहे. ती आज फार थोड्यांनी वाचलेली असते आणि कुणीतरी आवर्जून सांगितल्याशिवाय कपाटातून बाहेर निघत नाही.

पत्र कसे असावे याचा एक नमुना देतो. “‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकर, 1955. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा मास्तर स्वतः गोष्ट सांगतो. निवेदन साध्या प्रमाण मराठीत, संवाद माणदेशी, पण अडायला होत नाही. एक मोठे कथानक नाही, माणसे एकेक करून भेटत जातात. उत्कंठेवर वाचणाऱ्याला सुरुवात संथ वाटेल, त्याने तालीम बांधायला घेतात तिथपर्यंत धीर धरावा. वाक्ये आखूड आहेत आणि लेखक कुठेही स्वतः गहिवरत नाही, म्हणून दुष्काळ येतो तेव्हा आपण गहिवरतो. मास्तर पहिल्यांदा वाडीवर पोचतो ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. नव्याने शिक्षक झालेल्या कुणालाही भेट द्यावी.” एवढ्या मजकुरावर आम्ही नेमक्या माणसाच्या हाती ते पुस्तक देऊ शकतो.

हा नमुना सत्तर-ऐंशी शब्दांत बसतो. आपल्या पुरवणीने प्रत्येक पत्राला तीसेक शब्दच दिले, त्यात विशेषणांखेरीज काही मावणे कठीण होते. पुढच्या वेळी पत्रे निम्मी छापा, पण प्रत्येकाला शंभर शब्द द्या. नावाखाली पहिल्या आवृत्तीचे वर्ष, प्रकाशक आणि पुस्तक सध्या मिळते की नाही, हेही छापावे. जी बाजारात मिळत नाहीत त्यांच्या प्रती जुन्या वाचनालयांत असतात. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे आहे. मागणीची नोंद झाली तर अशी पुस्तके बांधणी करून पुन्हा फिरवता येतात. सभासदांनी येताना कात्रणासोबत लेखकाचे पूर्ण नाव लिहून आणावे. ‘चक्र’ किंवा ‘शाळा’सारखी आखूड नावे तक्त्यात शोधताना लेखकावरूनच पुस्तक लवकर सापडते.

आपले,
देवघेव विभागातील कर्मचारी,
एक सार्वजनिक वाचनालय, दादर, मुंबई